लिव्हरपूल स्ट्रीटची चोरी, ईस्ट हॅमची धास्ती

लंडनहून आलेलं हे पत्र. लिहिणारी तिशीतली, मूळची नाशिकची, आयटीत नोकरी. गेल्या मार्चमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर नवरा आणि साडेचार वर्षांच्या मुलीसह तिथे गेली. घर ईस्ट हॅमला भाड्याचं, ऑफिस लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनपासून पाच मिनिटांवर. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी पावणेसहाला, बिशप्सगेटच्या फुटपाथवर उभी राहून ती नवऱ्याला मेसेज करत होती. मागून ई-बाइकवर तोंड झाकलेला एक जण आला आणि फोन घेऊन गेला. "हात तसाच वर राहिला ताई, बोटं वाकलेली, आणि हातात काही नाही." तेव्हापासून अंधार पडल्यावर ती घराबाहेर पडत नाही, आणि हिवाळ्यात लंडनला अंधार चारलाच पडतो. ऑफिसात विनंती करून तीनला निघते, उरलेलं काम घरून करते. ईस्ट हॅमच्या रस्त्यावर हुडी घातलेली काळी मुलं दिसली की मुलीचा हात घट्ट धरून पलीकडच्या फुटपाथवर जाते. परवा मुलीने विचारलं, "आई, तो दादा चोर आहे का?" नवरा म्हणतो, "तरी मी सांगत होतो, रस्त्यात फोन काढू नकोस." मैत्रिणी म्हणतात, ईस्ट हॅम तसलंच आहे, हॅरोला या, आपली माणसं आहेत. तिथे पाहिलेल्या घरांचं भाडं महिन्याला अडीचशे पौंडांनी जास्त. नाशिकहून आई म्हणते, परत या. गळ्यात आता फक्त काळी पोत, बाकीचं अठरा तोळे सोनं बॅगेत घालून कपाटात कुलूपबंद. पोलिसांत तक्रार केलेली नाही, "उगाच व्हिसाच्या कागदांत काही यायला नको." प्रश्न असा, की एरिया बदलावा की देश? आणि "मी इतकी भित्री कधीपासून झाले?"

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना त्या वर राहिलेल्या हातापाशीच थांबले. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिलीने तीन ठिकाणी खुणा केल्या. आधी पहिली खूण सांगते, कारण ती तुमच्या आणि तुमच्या मैत्रिणींच्याही नजरेतून सुटलेली दिसते.

चोरी बिशप्सगेटला झाली. म्हणजे 'सिटी' म्हणतात त्या लंडनच्या मधल्या बँका-ऑफिसांच्या भागात, काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी, बँकवाल्यांच्या गर्दीत. आणि तुम्ही सोडायला निघालात ईस्ट हॅम. तिथे गेल्या नऊ-दहा महिन्यांत तुमच्या केसालाही धक्का लागलेला नाही. पत्रभर शोधलं, ईस्ट हॅममध्ये घडलेला एकही प्रसंग सापडला नाही. हॅरोला गेलात तर मेट्रोपॉलिटन लाइन पकडून रोज सकाळी उतरणार कुठे? त्याच लिव्हरपूल स्ट्रीटला. उभ्या राहणार त्याच फुटपाथवर. फरक इतकाच, की घरी पोचायला वेळ जास्त लागेल आणि वर्षाचे तीन हजार पौंड जातील. आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, त्यातला प्रकार.

हे हसण्यावारी नेत नाही मी. भीती अशीच वागते. जिथे बसते तिथून उठून सोयीच्या जागी जाऊन बसते. ऑफिसची जागा तुम्हाला सोडता येत नाही, घराची सोडता येते, मग मन म्हणतं, घरच वाईट. त्यात मैत्रिणींच्या बोलण्याने भर पडते. लंडनमधल्या मराठी घरांत 'एरिया' हा शब्द कसा उच्चारला जातो, मला चांगलं ठाऊक आहे. अकरा वर्षं त्या शहरात काढली आहेत. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात, म्हणजे १९३२पासूनच्या त्या मंडळात, गणपतीच्या दिवसांत जेवणाच्या रांगेत उभं राहिलं तरी दोन-चार पोस्टकोडांची बदनामी कानावर पडते. सांगणाऱ्यांतले बहुतेक जण त्या पोस्टकोडात कधी उतरलेलेही नसतात.

तुमचा फोन ज्याने नेला त्याने तुमच्यावर पाळत ठेवली नव्हती. तुमचा रंग, तुमची पोत, तुमचं नवखेपण यांतलं काहीही त्याने पाहिलं नसेल. त्याने पाहिला तो फुटपाथच्या कडेला, रस्त्याच्या बाजूच्या हातात, उघड्या स्क्रीनसह धरलेला फोन. लंडनमध्ये २०२४ साली पोलिसांच्या हिशेबात ८० हजारांच्या आसपास फोन चोरीला गेले आणि त्यातला मोठा वाटा वेस्टमिन्स्टर, वेस्ट एंड अशा मध्यवर्ती, श्रीमंत, गजबजलेल्या भागांतला होता. हा धंदा आहे. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी एकाने आपला चोरीला गेलेला आयफोन शोधत शोधत माग काढला, तर तो हीथ्रोजवळच्या एका गोदामात निघाला. तिथे हाँगकाँगला निघालेल्या खोक्यात हजारेक फोन होते. त्या एका धाग्यावरून पोलिसांनी जी टोळी उघडी पाडली, तिने वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनला पाठवले असावेत, असा त्यांचा संशय आहे. रस्त्यावरच्या पोराला एका फोनमागे ३०० पौंडांपर्यंत मिळायचे. ब्रिटनमध्ये बंद केलेला फोन तिकडे चालतो, म्हणून हे सगळं. ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तर २०२५मध्ये फुटपाथच्या कडेने जांभळी रेघ मारून लोकांना सांगायची वेळ आली, की रेघेच्या अलीकडे उभे राहून फोन बघा.

आणि हे शास्त्र तुम्हाला नवं नाही. नाशिकला तुमच्या आईने कधीतरी सांगितलं असेलच, मोटारसायकल मागून आली की पदर गळ्याभोवती घे. माझं मंगळसूत्र कोथरूडला गेलं. सकाळी साडेसहाला, फिरून येताना, घरापासून चाळीस पावलांवर. दोघं जण, काळी पल्सर, मागच्याने हात घातला. मानेवर लाल वळ उठला होता, तो आठ दिवस हळद लावून मी मिरवला. त्यानंतर कोथरूड सोडा असं मला कोणीच म्हणालं नाही. मीही दुसऱ्या आठवड्यात परत फिरायला जायला लागले, फक्त दुपट्टा गळ्याशी आणि चाल फुटपाथच्या आतल्या कडेने. पुण्यातली साखळी आणि लंडनमधला फोन, चोराच्या लेखी एकच वस्तू: हाताला येणारी, ओढली की सुटणारी, विकायला सोपी. कोथरूड माझं होतं म्हणून मला तिथल्या चोरीत फक्त चोर दिसला. तुम्हाला लंडन अजून आपलं वाटत नाही, म्हणून चोरीत सगळं शहर दिसतंय.

तेव्हा रोजच्या वागण्यातलं एवढं बदला. स्टेशनमधून बाहेर पडल्यावर दारात थांबू नका. नकाशा बघायचा तर आतच बघा, नाहीतर एखाद्या दुकानात शिरा, पाठ भिंतीला आणि तोंड रस्त्याकडे. फोन रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात. दोन्ही कानांत इअरफोन नकोत, ई-बाइकला आवाज नसतो, असतो तेवढाही मग ऐकू येत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन चोरीपासून संरक्षणाची सोय चालू करा. आयफोनला ती २०२४च्या जानेवारीपासून आहे, अँड्रॉइडलाही तशी आहे. पासकोड हाती लागला तरी चोराला लगेच तुमचा पासवर्ड बदलता येत नाही, एवढं त्याने साधतं. बँकेच्या ॲपला वेगळा पिन ठेवा, फोनचाच नको. आणि फोन गेल्यावर चार-आठ दिवसांनी 'तुमचा आयफोन सापडला आहे, इथे क्लिक करा' असा मेसेज नव्या सिमवर आला तर तो चोराच्या साखळीतल्या कोणाचा तरी असतो. तुम्हाला आला होता का?

व्हिसाबद्दल तुम्ही जे धरून बसला आहात ते चूक आहे. चोरी तुमची झाली. ती कळवल्याने स्किल्ड वर्कर व्हिसावर काहीही परिणाम होत नाही, पुढे कायम वास्तव्याचा अर्ज करतानाही नाही. उलट न कळवल्याने अडचण होऊ शकते. आता प्लास्टिकचं निवासी कार्ड जाऊन सगळं ई-व्हिसावर आलंय. त्या खात्यात शिरायला कोड येतो तो फोनवर किंवा ईमेलवर. नंबर बदलला असेल तर आज बसून खात्यातला नंबर बदला, नाहीतर नाशिकला यायच्या आदल्या रात्री विमानाच्या चेक-इनला धावपळ होईल. सहा आठवडे झाले तरी तक्रार ऑनलाइन देता येते. सिटीचा तो चौरस मैल सिटी ऑफ लंडन पोलिसांकडे, ईस्ट हॅम मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे आणि स्टेशनच्या आतला भाग ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलिसांकडे, अशी वाटणी आहे. पण ती तुम्ही सोडवत बसू नका, चुकीच्या दारात गेलात तर ते पुढे पाठवतात. फोन परत मिळेल या आशेने मात्र तक्रार करू नका. बहुतेक फाइली लवकर बंद होतात. तक्रार करायची ती क्राइम रेफरन्स नंबरसाठी. विमा असेल तर तो लागतो, उद्या पर्समधून पासपोर्ट गेला तर नव्यासाठी असाच पोलिसांचा कागद लागतो, आणि बिशप्सगेटच्या त्या वळणावर पोलिसांनी कधी उभं राहायचं हेही अशाच कागदांवरून ठरतं.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी, ज्यांचा फोन अजून हातात आहे: स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करा, स्क्रीनवर पंधरा आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, येईल, तो कागदावर लिहून घरी ठेवा. नवऱ्याचा किंवा बायकोचा एक नंबर तरी पाठ असू द्या. तुम्ही लिहिलंय, की कोणाच्या तरी फोनवरून घरी कळवायला गेलात तर नवऱ्याचा नंबरच आठवेना, मग आईचा नाशिकचा लँडलाइन आठवला. वाचून मी हसले आणि लगेच माझ्या नवऱ्याचा नंबर पाठ आहे का ते तपासलं. नव्हता. फोन गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत चोरामागे धावायचं नाही. कोणाचाही फोन मागून आपला फोन 'हरवला' म्हणून लॉक करायचा, मग १५९ लावायचा, तो बहुतेक मोठ्या बँकांना थेट जोडून देतो, मग सिम बंद. पोलीस त्यानंतर, १०१ किंवा ऑनलाइन. ९९९ फक्त कोणी इजा केली किंवा चोर अजून समोर आहे तेव्हा.

आता दुसरी खूण. अठरा तोळे.

रस्त्यावर फोन काढायला घाबरणाऱ्या बाईने अठरा तोळे सोनं भाड्याच्या घरातल्या कपाटात, बॅगेत ठेवलंय, आणि ते वाक्य तुम्ही जाता जाता, सावधगिरीचा पुरावा म्हणून लिहिलंय! माझ्या अंगावर काटा आला तो इथे. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं, ते पिढीजात असतं आणि बेडरूमच्या कपाटात असतं, हे ब्रिटनमधल्या घरफोड्यांना अनेक वर्षांपासून पाठ आहे. दिवाळीच्या, नवरात्राच्या सुमारास तिथले पोलीस दरवर्षी आपल्या वस्त्यांना हेच बजावतात. आणि ऐका, हा धोका हॅरोला कमी होत नाही. जिथे आपली माणसं जास्त, तिथे हाच चोर जास्त उत्सुक. 'आपली माणसं आहेत' म्हणजे सुरक्षित, हे समीकरण निदान सोन्याच्या बाबतीत उलटं आहे.

तिथल्या बहुतेक मोठ्या बँकांनी नवीन लॉकर देणं बंद केलंय. खासगी व्हॉल्ट आहेत, वर्षाचं भाडं असतं, ते द्या. किंवा पुढच्या फेरीत बहुतेक सोनं नाशिकच्या लॉकरला परत ठेवा, एक मंगळसूत्र आणि मुलीच्या बाळ्या तेवढ्या तिकडे असू द्या. घरातल्या सामानाचा विमा काढला असेल तर त्याचा बारीक टाइप वाचा. एका वस्तूमागे मर्यादा असते आणि दागिने वेगळे नोंदवले नसतील तर भरपाईच्या वेळी तोंडाला पानं पुसतात. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढून ठेवा. हळदीकुंकवाचे, दिवाळीचे दागिने घातलेले फोटो इंस्टाग्रामवर टाकायचेच असतील तर कार्यक्रम आणि दागिने दोन्ही घरातून गेल्यावर टाका.

आणि दार. इंग्रजी घरांच्या त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या दारांना एक गंमत आहे, ती मला घरमालकाने नव्हे, वर्षभराने समोरच्या गुजराती काकूंनी सांगितली. दार नुसतं लोटून घेतलं, खट्ट आवाज आला, की आपल्याला वाटतं लागलं. ते लागलेलं नसतं. आतून हँडल वर उचलायचं, कडेच्या सगळ्या खिट्ट्या चौकटीत बसल्याचा जडसा आवाज येतो, आणि मग किल्ली फिरवायची. तोवर ते दार म्हणजे आपल्याकडची लोटलेली कडी. किल्ल्या दाराजवळच्या खुंटीला लावू नका, पत्रपेटीच्या फटीतून वाकडी तार घालून ओढतात.

तिसरी खूण मुलीच्या प्रश्नावर आहे आणि ती करताना माझी पेन्सिल जरा थांबली.

फोन नेणाऱ्याचं तोंड झाकलेलं होतं. तुम्हीच लिहिलंय, फक्त काळं जॅकेट आणि डोळे. तो गोरा होता, काळा होता, आपल्यातला होता, तुम्हाला माहीत नाही. मग तुमच्या भीतीला हे हुडीतलं काळं पोर सापडलं कुठून? व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या व्हिडिओंतून, असा माझा अंदाज. ईस्ट हॅमला साडेतीन-चारच्या सुमाराला दिसणारी ती मुलं शाळा सुटून घरी निघालेली असतात. थंडी असते म्हणून हुडी वर असते. वर्षा-दोन वर्षांत तुमच्या मुलीच्या वर्गातल्या कोणाचा तरी मोठा भाऊ त्यांच्यात असेल. लंडनमध्ये चाकूचे हल्ले होतात, खोटं कशाला सांगू? पण त्यांत बळी पडतात ती पुष्कळदा हीच तरुण पोरं, आणि त्यांच्या आया रोज संध्याकाळी दारात उभ्या असतात. ९० लाखांच्या आसपास वस्तीच्या या शहरात अलीकडे वर्षाला शंभराच्या आगेमागे खून होतात. ग्रुपवर प्रत्येक खुनाचा व्हिडिओ दहा वेळा फिरला, की ते हजार वाटतात.

रस्ता ओलांडूच नका असं मी म्हणणार नाही. कोणाच्या हालचाली खटकल्या, कोणी मागे मागे येतंय असं वाटलं, तर खुशाल ओलांडा, दुकानात शिरा, बसमध्ये चढा. पण ते वागणं बघून करा. चेहरा बघून ओलांडाल तर ज्याच्यापासून जपायचं तो ई-बाइकवाला मागून येईल आणि तुम्ही समोरच्या पोराकडे बघत असाल. शिवाय नुसत्या चेहऱ्यावरून घाबरणं म्हणजे काय, हे आपल्यालाही सोसावं लागलंय. २०२४च्या ऑगस्टमध्ये साउथपोर्टला लहान मुलींवर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर इंग्लंडभर दंगे झाले तेव्हा गव्हाळ चेहऱ्याची कितीतरी माणसं आठवडाभर घरात बसून होती. त्याच आठवड्यात, ७ तारखेला, वॉल्थमस्टोच्या रस्त्यावर दंगेखोरांविरुद्ध हजारो माणसं उतरली. तुमच्या घरापासून ते फार लांब नाही. त्या गर्दीत अशा हुड्याही होत्या. आणि उद्या कोणी तुमच्या रंगावरून शिवी दिली, थुंकलं, ढकललं, तर तो वेगळा गुन्हा आहे आणि तक्रारीत तसं स्पष्ट सांगायचं. ट्रेनमध्ये घडलं तर ट्रान्सपोर्ट पोलिसांच्या ६१०१६ला मेसेज करा, बोलावंही लागत नाही.

मुलीला काय सांगाल? मी असते तर म्हटलं असतं, "नाही गं, तो दादा शाळेतून घरी चाललाय. मला परवा कोणीतरी घाबरवलं ना, म्हणून मी उगाच घाबरते." साडेचार वर्षांच्या मुलीला हे कळतं. तिला न कळणारी गोष्ट म्हणजे आईचा अचानक घट्ट झालेला हात.

एरिया बदलायचा विषय पुरता निकालात काढत नाही. बदलायचाच असेल तर ऐकीव यादीवरून नको. पोलिसांच्या संकेतस्थळावर गल्लीवार, महिनावार गुन्ह्यांचा नकाशा असतो. तो बघताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ठिपका नेमक्या घरावर नसतो, जवळच्या ठरावीक जागेवर सरकवलेला असतो. आणि दर हजार रहिवाशांमागे अमुक गुन्हे हा आकडा फसवा असतो: सिटीत राहणारी माणसं काही हजार, रोज कामाला येणारी लाखो, मग भागाकार भयंकर दिसणारच. स्टेशन आणि बाजाराचा घोळका सोडून घर ते स्टेशन या दहा मिनिटांच्या रस्त्यावर काय घडतं तेवढं बघा. मग शुक्रवारी रात्री दहाला तो रस्ता नवऱ्याबरोबर चालून या. दिवे आहेत का, कोपऱ्यावरचं दुकान उघडं आहे का, बायका एकट्या चालताना दिसतात का? एजंट घर दुपारी दोनला दाखवतो, तेव्हा सगळीच गल्ली साजरी दिसते. हेच सगळं आधी ईस्ट हॅमला करा. तुमच्या रस्त्याला खरोखर काही खोट निघाली तर चार गल्ल्या पलीकडेही घर मिळतं. मुलीची रिसेप्शनची, म्हणजे तिथल्या शाळेच्या पहिल्या वर्गाची, जागा तरी मोडायला नको, वर्षाच्या मध्ये दुसरीकडे प्रवेश मिळवणं कटकटीचं असतं.

नवऱ्याच्या 'तरी मी सांगत होतो' बद्दल. हे वाक्य नवरे बहुधा स्वतःच्या भीतीपोटी बोलतात. चूक तुमची ठरली की जग परत नियमात बसतं, आणि तो रोज ज्या रस्त्याने जातो तो सुरक्षित होतो. त्याला हे पत्र वाचायला द्या. आणि पुढचे सहा आठवडे आठवड्यातून एकदा त्याने संध्याकाळी लिव्हरपूल स्ट्रीटला यावं, पहारेकरी म्हणून नको, कॉफी प्यायला. बिशप्सगेटच्याच त्या फुटपाथवर भेटा. पहिल्या दिवशी छाती धडधडेल. पाचव्या-सहाव्या फेरीला ती जागा परत नुसती जागा होते, माझ्या त्या चाळीस पावलांचं तेच झालं. मधल्या काळात तीनऐवजी साडेतीनला निघा, मग चारला. ही रजा साहेबाकडून मिळालीय, पण ती लांबली तर तीच सवय होईल.

झोप लागत नसेल, मागून सायकल गेली तरी अंग दचकत असेल, तो क्षण पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर सहा आठवडे हा पुरेसा काळ झाला. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, टॉकिंग थेरपीला (समुपदेशनाला) डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव देता येतं. व्हिक्टिम सपोर्ट ही संस्था गुन्ह्याचा फटका बसलेल्यांशी फुकट बोलते, तक्रार केलेली असो वा नसो. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. पाय मुरगळला तर आपण शेक देतोच ना.

रात्री उशीर झालाच तर टॅक्सीचं एक लक्षात असू द्या. रस्त्यात हात करून थांबवायची ती फक्त काळी कॅब. बाकी गाड्या आधी बुक केलेल्याच असायला हव्यात, 'मॅडम कुठे जायचंय' म्हणत शेजारी येऊन थांबलेल्या गाडीत बसू नका. बोलता येणार नाही असा प्रसंग आला तर मोबाइलवरून ९९९ लावून, विचारल्यावर ५५ दाबा, कॉल खरा आहे हे त्यांना कळतं आणि तो पोलिसांकडे जातो. आणि आपल्याकडचा तो तोतया पोलीस आठवतो ना, 'पुढे खून झालाय आजी, दागिने काढून रुमालात बांधा' म्हणणारा? त्याचा लंडनचा भाऊ फोनवर असतो, होम ऑफिसमधून बोलतोय म्हणतो, व्हिसा रद्द होईल म्हणून पैसे मागतो. दोघांनाही एकच उत्तर: फोन ठेवायचा, चालू लागायचं.

राहिली आई. तिला परत या म्हणायचा हक्क आहे, त्यावर वाद घालू नका. देश बदलायचा निर्णय घ्यायचा तर उन्हाळ्यात घ्या, जूनमध्ये तिथे रात्री नऊलाही उजेड असतो आणि हेच रस्ते वेगळे दिसतात. जानेवारीत, चारच्या अंधारात, फोन गेलेल्या हाताने नको. तोवर आईला नवा नंबर तोंडपाठ करून घ्यायला सांगा, आणि तुम्ही नवऱ्याचा करा.

आज रात्री झोपण्यापूर्वी दाराचं हँडल वर उचलून किल्ली फिरवलीत का, ते मात्र बघा. आणि अठरा तोळ्यांचं काय ठरलं ते मला कळवा.